वाघाटीचं पोर आणि माझा बसलेला घसा

मंगळवार, २९ एप्रिल

सगळ्यात आधी आली ती फ्लेव्हिया. ती काही मांजर बघायला आली नव्हती, मिरच्या बघायला आली होती. माझ्या वर्षभराच्या बॉटल मसाल्याच्या मिरच्या तिच्या मिरच्यांपेक्षा लाल असतात, हे तिला दरवर्षी मे महिना तोंडावर आला की आठवतं. चटईवरची एक उचलली, मोडली, वास घेतला, गुपचूप परत ठेवली. तेवढ्यात डालग्याखालून आवाज आला, तर म्हणाली, "कॉनीबाय, कोंबडीला सर्दी झाली काय?"

वही नवीन आहे, हिला माणसं माहीत नाहीत, म्हणून सांगते. फ्लेव्हिया माझी धाकटी जाऊ, हेन्री माझा दीर, त्यांचं घर माझ्या कुंपणाला लागून. ही वही माझी नात क्रिस्टल हिने दिली. म्हणाली, ग्रॅनी, तू दिवसभर जे बोलतेस ते लिहून ठेव. मी म्हटलं चौथीपर्यंत शिकले मी, तेही मास्तर आवडायचे म्हणून. पण अक्षर वाचता येतं माझं. फ्लेव्हियाला वाचता येऊ नये इतपतच वाचता येतं.

तर डालग्याखाली मांजराचं पोर होतं. आमच्या ह्यांची होडी अंगणाच्या टोकाला आठ वर्षं पालथी पडून आहे. ते गेले तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही. काल हेन्रीला दोरखंड पाहिजे होता म्हणून त्याने होडीखालचं जुनं जाळं खेचलं, तर एक मांजर तोंडात पोर धरून सुसाट पळालं. दुसरं पोर जाळ्यातच राहिलं. हेन्री ओरडला, "वयनी, हीच ती चोरटी! माझ्या सहा कोंबड्या हिनेच खाल्ल्या." मी म्हटलं कोंबड्या आईने खाल्ल्या असतील, ह्याला तर दात पण आले नाहीत, आणि घेतलं पदरात.

अंगाला उंदराचा वास, जाळ्याचा वास, कसले कसले वास. मी कोमट पाणी केलं, लाल साबण लावला, दोनदा आंघोळ घातली. पुसलं, उन्हात धरलं, कपाळावर तीर्थाच्या पाण्याने क्रूस काढला. तान्ह्या बाळाचं करतात ते सगळं केलं. संध्याकाळी क्रिस्टलला फोनवर दाखवलं. तिने त्याचा फोटो काढला आणि तिच्या कॉलेजातल्या कोणाला तरी पाठवला.

आणि आज, फ्लेव्हियाच्या मागोमाग, अकराच्या बसने दोघं उतरली. मुलगी रसिका, तिच्याबरोबर कौस्तुभ. पाठीवर हेऽ एवढ्या बॅगा. रानातल्या मांजरांचा अभ्यास करतात. पगार मिळतो म्हणे त्याचा. रसिकाने डालगं उचललं आणि मिरच्यांवरच बसली की! म्हणाली, "आजी, ही वाघाटी आहे."

फ्लेव्हिया म्हणाली, "वाघ? हाय मुठीएवढं न् वाघ काय?"

"वाघ नाही हो मावशी, वाघाटी. जगातलं सगळ्यात लहान रानमांजर. पूर्ण वाढलं तरी दीड किलोच्या वर जात नाही. आता फार थोडी उरलीत."

माझ्या दारात जगातलं सगळ्यात लहान काही सापडलं, ह्याचा मला इतका आनंद झाला की मी फ्लेव्हियाला पण चहा दिला.

मग रसिकाने विचारलं, "आजी, कोणी हाताळलं का ह्याला? पुसलं, धुतलं?"

"न्हाय गं. उचललं न् ठेवलं, बस."

खोटं बोलले. का बोलले माहीत नाही, तोंडातून आपोआप आलं. कौस्तुभने पोराच्या डोक्याला नाक लावलं, मोठा श्वास घेतला, आणि रसिकाकडे बघितलं. तिने पण वास घेतला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. सर्दी झाली असेल त्यांना.

आता कसं आहे, रसिका म्हणते आई जवळपासच असणार. उद्यापासून पोराला खोक्यात घालून संध्याकाळी होडीपाशी ठेवायचं, आईला यायला तीन रात्री द्यायच्या. वनखात्याला त्यांनी कळवलंय. तीन रात्रींत नाही आली तर पोर नॅशनल पार्कात जाणार, पिंजऱ्यात. "आणि मोठं झालं की सोडता ना रानात?" मी विचारलं. रसिका म्हणाली, "शिकार आई शिकवते, आजी. ती नसेल तर बहुतेक जन्मभर आतच."

नेल्सन, माझा मुलगा, मीरा रोडला राहतो. सातवा मजला. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी लावलीय. आई, इकडे ये राहायला, म्हणतो. मागच्या नाताळात राहिले होते मी दोन दिवस त्या जाळीच्या मागे खुर्ची टाकून. कबुतर बाहेर आणि मी आत.

पोराला मीच उचललं होतं. तिथेच असू दिलं असतं तर ती कालच परत आली असती.

बुधवार, ३० एप्रिल

दोघं हेन्रीकडे उतरलीत, त्याची माडीवरची खोली शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी असते. हेन्रीची गंमत बघा. ज्या मांजराला शिव्या घालतो त्याच्याच नावाने खोली भरली!

पोराला रसिका पिचकारीने दूध पाजते. मला हात लावू देत नाही. मी बाजूला बसून सूचना देते.

कौस्तुभने दुपारी भेंडीच्या मोठ्या झाडाला, भाजीची भेंडी नव्हे, कॅमेरा बांधला, खोकं जिथे ठेवायचं त्याच्या बरोबर समोर. मी विचारलं, बटण कोण दाबणार? तो म्हणाला, "कोणी नाही. मांजर आलं की फोटो आपोआप निघतो." म्हणजे मांजराचा कॅमेरा. काय काय काढतात.

त्याच भेंडीवर माझ्या कोंबड्या झोपतात. हे कौस्तुभला खरंच वाटेना. संध्याकाळी मी त्याला खुर्ची देऊन बसवलं. उजेड कमी झाला तशा एकेक करून चढल्या, फडफड फडफड, आणि जाड फांदीवर न थांबता पार टोकाला, बारीक फांदीवर जाऊन बसल्या. चौदाच्या चौदा, पिल्लांवर बसलेली लाल कोंबडी तेवढी आत. अख्ख्या तारोडी गावात असल्या कोंबड्या कोणाकडे नाहीत. त्यांची अंडी घ्यायला नया नगरहून एक जण स्कूटरवर येतो, दर वेळी विचारतो, "आंटी, पक्का देसी है ना?" मी सांगते, "देसी भी है, होशियार भी है."

रसिका पेन्सिल काढून बसली. "आजी, ह्यांना कोणी शिकवलं असं झोपायला?"

"मी शिकवल्या. पंधरा वर्षं झाली. सांजेला पातेलं वाजवते, चढतात."

"आधी खाली झोपायच्या?"

"अर्ध्या खाली, अर्ध्या वर. काही तर त्या जाड फांदीवर. बिनडोक."

"मग त्या खाली झोपणाऱ्यांचं काय झालं?"

"त्या काय टिकल्या न्हाय. आज एक, उद्या एक. कोण न्यायचं कोणास ठाऊक."

"आणि जाड फांदीवरच्या?"

"त्या पण न्हाय."

"आणि त्यांची पिल्लं?"

मला हसूच आलं. एवढी शिकलेली मुलगी! म्हटलं, "अगं मेलेल्या कोंबडीची पिल्लं कुठनं येणार? उरलेल्यांचीच झाली सगळी. त्यांना शिकवणं सोपं गेलं, आयशींसारखीच निघाली."

रसिकाने वहीत मान घातली. लिहिलं, लिहिलेल्याच्या खाली दोन रेघा मारल्या. कौस्तुभ म्हणाला, "रसिका, आपण तीन वर्षं कॉलेजात जे शिकलो ते आजींनी पातेल्यावर वाजवलं." माझ्या शिकवण्याची तारीफ केली त्याने, पोरगा चांगला आहे.

मग मी विचारलं की ही वाघाटी एवढीशीच का. सगळ्या मांजरांना वाघ व्हावंसं वाटतं, हिला का नाही वाटलं? रसिका म्हणाली की वाटण्यावर काही नसतं. फार फार मागे, हजारो लाखो वर्षांपूर्वी, काही लहान निघाली, काही मोठी. मोठ्यांना पोट भरायला जास्त लागायचं, आणि बिबट्याच्या नजरेला पण पडायची. लहानांचं उंदीर, सरडे, बेडकांवर भागायचं, दगडाच्या फटीत मावायची, बारीक फांदी त्यांना पेलायची. त्यांची पोरं जगली, ती पण लहानच निघाली. अंगावरचे ठिपके पण तसेच. वाळल्या पानांत ज्यांची पोरं दिसली ती कोणीतरी उचलून नेली.

"मग हे निवडत कोण बसलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही, आजी."

"असं कसं? मी माझ्या कोंबड्यांत निवडते. जी चांगली अंडी देते ती ठेवते, जी देत न्हाय ती रविवारी. कोणीतरी रविवार करत असेल ना?"

कौस्तुभ म्हणाला, "भूक करते, आजी. बिबट्या करतो. दुष्काळ करतो. पण ठरवून नाही करत कोणी."

मला ते काही पटलं नाही. देवाला विचारल्याशिवाय कसं होईल? पण मला असं वाटतं की देव फार कामात असतो, त्याने हे काम भुकेला दिलं असेल, जसं मी मिरच्या राखायचं फ्लेव्हियाला देते. लक्ष ठेवायला नाही, नुसतं बसायला.

सहाला खोकं ठेवलं. पोर चूं चूं करत होतं. आम्ही सगळे आत गेलो.

गुरुवार, १ मे

आली नाही.

साडेपाचला, उजाडताना, ती दोघं यायच्या आधी मी हळूच गेले. रात्रभर एकच विचार होता, आई आली आणि नाक लावलं आणि साबणाचा वास आला तर? आपलं पोर आहे हे तिला कळणार कसं? हे दर्यावरून यायचे तेव्हा अंगाला मासळीचा, डिझेलचा, घामाचा वास. एकदा भावाच्या लग्नाला अत्तर लावून आले, नेल्सन तेव्हा वर्षाचा होता, ह्यांच्याकडे जाईना, रडून घर डोक्यावर घेतलं.

म्हणून मी गाऊन वर खोचला, होडीखाली गुडघ्यांवर रांगत गेले आणि त्या जुन्या जाळ्याचा तुकडा आणला. त्यात पोराला नीट घोळवलं, वडे पिठात घोळवतात तसं. होडीखालची माती चोळली. मग वाटलं कोंबडीचा वास पण हवा, आई कोंबडीच खाऊन येते ना, म्हणून भेंडीखालची थोडी घाण पण लावली. पोर वैतागलं, पण मी त्याला समजावलं, तू पुन्हा घाण झालास की घरी जाशील. पाठ मोडली माझी. पण मनावरचं ओझं गेलं. कोणी बघितलं नाही.

आता संध्याकाळची गोष्ट. आजपासून क्रूसाकडची माळ सुरू, मारियेच्या प्रार्थनेची. मे महिनाभर सगळी वाडी संध्याकाळी क्रूसापाशी जमते, माळ म्हणायची, गाणी म्हणायची, मग उकडलेले चणे वाटायचे. आणि क्रूस होडीपासून दहा पावलांवर! आधी माझ्या लक्षातच आलं नाही. वाडीत गाणं मी उचलते, चाळीस वर्षं. माझा आवाज चौकापर्यंत जातो असं म्हणतात, चौकातले लोक पण म्हणतात, पण ते वेगळ्या तोंडाने म्हणतात.

मी मनात ठरवलं, आज घसा बसवायचा. गळ्याला रुमाल बांधला, बोट दाखवून खूण केली. मला वाटलं मीच गायले नाही तर गाणं आपोआप मरेल. तर हेन्री उठला! "वयनीचा घसा बसला, मी घेतो." घेतलं की त्याने! होडी किनाऱ्याला लावताना हाका मारतात त्या आवाजात. मारियेचं गाणं आहे, मासळीचा लिलाव नाही, पण सांगणार कसं, माझा तर घसा बसलेला. पाचही गाणी, सगळी कडवी. माझ्या कोंबड्या भेंडीवरून दोनदा खाली पडता पडता राहिल्या.

शुक्रवार, २ मे

नाही आली. म्हणजे आली होती! कौस्तुभने सकाळी कॅमेऱ्यातली चकती लॅपटॉपात घातली. माझ्याच ओट्यावर चहा पीत बसला होता. फोटो बघता बघता त्याला एकदम ठसका लागला, चहा नाकातून बाहेर. मी पाठीवर थापा मारल्या. रसिकाने वाकून बघितलं, तिने ओढणीत तोंड घातलं, तिला पण ठसका. लॅपटॉप माझ्याकडे वळवेनात. मग एकच फोटो दाखवला. होडीच्या कडेवर आई, एवढीशी, कपाळावर पांढऱ्या रेघा, मोठे मोठे डोळे. सात चाळीस. पुढच्या फोटोत नुसती शेपटी.

सात चाळीसला हेन्रीचं तिसरं कडवं चालू होतं.

आजची शेवटची रात्र. रसिका उद्या सकाळी पोराला घेऊन जाणार. मिरच्यांवरून हात फिरवत म्हणाली, "आजी, तुमची प्रार्थना थांबवा असं मी सांगू शकत नाही. पण..." तिचे डोळे भरले होते. पगार घेऊन रडते, म्हणजे मन लावून करते.

मग मी हेन्रीकडे गेले. घसा बसलेलाच ठेवला, सवय पण झाली होती.

"हेन्री, आज माळ हळू म्हणायची. कुजबुजत. गाणं न्हाय."

"का? माझ्या सहा कोंबड्या खाणारीला पोर परत मिळावं म्हणून? न्हाय जमणार, वयनी. जाऊ दे ते पिंजऱ्यात, आईला पण घेऊन जा म्हण."

"तुझ्या कोंबड्या जमिनीवर पोत्यासारख्या बसतात. तिने न्हाय खाल्ल्या तर मुंगूस खाईल."

"म्हणून काय देवाला कुजबुजून सांगायचं? त्याला ऐकू येईल काय?"

"तुला इतकी वर्षं ऐकतोय तो, एक दिवस आराम दे त्याला."

फ्लेव्हिया आतून हसली. हेन्री नाही हसला. मला कळलं की हा असा ऐकायचा नाही. तेव्हा मी ते म्हटलं जे पंधरा वर्षं कोणाला म्हटलं नव्हतं. नेल्सनला नाही, फादरना नाही.

"माझ्या लाल कोंबडीखाली अकरा पिल्लं हायत. सगळी तुझी. आईसकट."

हेन्रीने हातातली दोरी खाली ठेवली. त्या कोंबड्यांवर त्याचा किती वर्षं डोळा आहे ते मला माहीत आहे. मी त्याला अंडी देते तीसुद्धा उकडून देते, उबवू नयेत म्हणून.

"झाडावर झोपणारी?"

"झाडावर झोपणारी. बारीक फांदीवर. पातेलं पण देते."

संध्याकाळी सगळी वाडी जमली. मी सांगितलं, होडीपाशी एका आईला तिचं पोर न्यायचंय, तिला आपली भीती वाटते. बास, एवढंच. साबणाचं नाही सांगितलं. पन्नास माणसं, लहान पोरं, म्हातारे, सगळ्यांनी नमो मारिया कुजबुजत म्हटलं. असं वाटलं की वाळलेल्या पानांतून कोणी चालतंय. चणे पण हळू चावले. हेन्रीने तोंडावर हात धरला होता. शेवटी सगळे चपला हातात घेऊन गेले.

मी आत येऊन बसले. बाहेर बघायचं नाही असं रसिकाने बजावलंय. पोर ओरडत होतं, मग थांबलं. थंडी वाजली असेल की झोपलं असेल, की अजून काही, कसं कळणार? हे लिहितेय म्हणून बसवतंय तरी. माळ हातातच आहे. मोठ्याने म्हणायची सवय, मनातल्या मनात म्हणताना चुकते.

शनिवार, ३ मे

खोकं रिकामं!

कौस्तुभ पायरीवर बसला, लॅपटॉप मांडीवर, आम्ही सगळे मागे. आठ वाजून बावीस मिनिटं. आई होडीच्या कडेवर. मग खोक्याच्या काठावर, आत वाकलेली. मग पोराची मान तोंडात, चारी पाय लोंबताहेत, आणि तिचे दोन डोळे सरळ आमच्याकडे, दिव्यासारखे. रसिकाने मला मिठी मारली, माझा घसा त्याच क्षणी बरा झाला, मी इतकी ओरडले की कोंबड्या भेंडीवरून खाली आल्या.

फ्लेव्हिया म्हणाली, "अजून फोटो हायत काय? दाखव ना."

कौस्तुभ म्हणाला, "आहेत मावशी. पण ते परवाचे आहेत." रसिका म्हणाली, "कौस्तुभ, नको." पण त्याने बोट दाबलं.

एकतीस फोटो. पहिल्यात माझी फक्त पाठ, गाऊन खोचलेला, होडीखाली अर्धी. मग बाहेर येताना, तोंडात जाळ्याचा तुकडा! हातात मावेना म्हणून तोंडात धरला होता, ते मला आठवत पण नव्हतं. मग पोराला घोळवताना. मग भेंडीखाली बोटाने कोंबडीची घाण गोळा करताना, चेहरा असा, जसं काही मीठ बघतेय. हेन्री पायरीवर लोळला. फ्लेव्हिया म्हणाली, "कॉनीबाय, पोर न्यायला तू आलीस काय?"

"मांजराचा कॅमेरा म्हणालास ना!" मी कौस्तुभला विचारलं.

"जे हलतं त्याचा फोटो काढतो तो, आजी. निवडत नाही."

मग रसिकाने माझा हात धरला. "आजी, साबणाचा वास आम्हाला पहिल्याच दिवशी आला होता. तुम्ही आंघोळ घातलीत म्हणून आई टाकून देत नाही. पोर ओरडलं की येते. तुम्हाला सांगायला हवं होतं आम्ही." म्हणजे तो सगळा त्रास फुकट. पण मी काही मानत नाही. घोळवलं म्हणून आली. ती शिकलेली आहे, पण पोरं मी वाढवलीत.

दुपारी लाल कोंबडी आणि अकरा पिल्लं हेन्रीकडे पोचवली. रडू आलं थोडं. हेन्री म्हणाला, "वयनी, पातेलं कसं वाजवायचं ते दाखव." दाखवलं. पिल्लं त्याच्या चिंचेकडे बघायला लागली. रसिका कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "आजी, तुम्ही पातेलं वाजवलंच नाहीत तर चढतील का?" मी म्हटलं, भलतंच. पातेल्याशिवाय कोंबडी कशी चढेल? ती म्हणाली, "आपण करून बघू या का? तुमच्या आणि हेन्रीकाकांच्या, दोघांच्या कोंबड्यांवर. पंधरा दिवस, पातेलं न वाजवता. त्यावर लिहीन मी, तुमचं नाव घालून."

माझं नाव! मी कसं शिकवलं ते पुस्तकात येणार. फ्लेव्हियाचा चेहरा बघण्यासारखा होता. मी लगेच हो म्हटलं. पातेलं तर तिने आत्ताच बरोबर नेलं, विश्वास नाही म्हणे माझ्यावर.

हेन्रीने होडीखाली पुन्हा जाळं सरकवून ठेवलंय, आपणहून. दोरखंडासाठी दुसरीकडे बघतो म्हणाला.

तीनच्या बसने गेली दोघं. येणार आहेत शनिवारी, सतरा तारखेला, दुपारच्या आत. कॅमेरा भेंडीवरच आहे. त्या दिवशी गाऊन नाही, लुगडं नेसायचं.